विश्लेषण : अल्टरनेटर किती अँपिअरचा हवा? मोठ्या आकड्यामागे धावण्यापूर्वी...

गाडीचे दिवे मंदावले, बॅटरी वारंवार बसू लागली, की गॅरेजमध्ये हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘मोठा अल्टरनेटर टाकून घ्या’. तो खरेच गरजेचा आहे का, हे ठरवायला एक मल्टिमीटर आणि पाच मिनिटांची बेरीज पुरते. ही बेरीज न करता होणारा खर्च बहुतेक वेळा वाया जातो आणि मूळ दोष गाडीत तसाच राहतो.

जऊळक्यात हा प्रश्न वेगळा का?

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील जऊळका हे अकोला–पूर्णा रेल्वेमार्गावरचे स्थानक. म्हणूनच ‘जऊळका रेल्वे’ हे त्याचे रूढ नाव. अशा गावातली गाडी एकाच कामासाठी घेतलेली नसते. हंगामात सोयाबीनची पोती, लग्नसराईत वऱ्हाड, एरवी पोहरादेवी किंवा शिरपूरच्या दर्शनाची भाडी आणि अडीनडीला रात्री अकोल्याला किंवा नागपूरला न्यावा लागणारा पेशंट. गाडी एकच, कामे चार. त्यामुळे तिच्यावर वस्तूही चार चढतात : समोर एलईडी लाइट बार, खाली जादा फॉग लॅम्प, मागे अँप्लिफायर आणि वूफर, आत दोन पंखे, प्रत्येक सीटला मोबाइल चार्जर. कंपनीने गाडी तयार करताना यातले काहीच हिशेबात धरलेले नसते.

त्यात आता समृद्धी महामार्गाची भर पडली आहे. ७०१ किलोमीटरच्या या मार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि शेवटचा इगतपुरी ते आमणे टप्पा ५ जून २०२५ रोजी. वाशीम जिल्ह्यात तो मालेगाव, मंगरुळपीर आणि कारंजा तालुक्यांतून जातो. गावाजवळच्या रस्त्यावर गाडी बंद पडली तर कोणीतरी दोरी बांधून ओढून नेते. मोटारींना ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा असलेल्या रस्त्यावर, अंधारात, बॅटरी पूर्ण उतरलेली गाडी उभी राहिली तर तिचे धोक्याचे पिवळे दिवेसुद्धा लागत नाहीत. मागून येणाऱ्याला ती दिसणार कशी? अल्टरनेटरचा प्रश्न बॅटरीच्या खर्चापुरता मर्यादित नाही तो इथे.

प्लेटवरचा आकडा नेमका काय सांगतो?

जुने चालक आजही अल्टरनेटरला ‘डायनामो’च म्हणतात. काम तेच : इंजिनच्या पट्ट्यावर फिरून वीज तयार करणे. इंजिन सुरू होईपर्यंत बॅटरीचे राज्य. त्यानंतर दिवे, ब्लोअर, इंधनाचा पंप, इंजिनचा संगणक या सगळ्यांना वीज पुरवायची आणि स्टार्टर मारताना बॅटरीतून गेलेली वीज भरून काढायची, ही जबाबदारी अल्टरनेटरची. छोट्या पेट्रोल मोटारींत तो साधारण ६० ते ८० अँपिअरचा असतो, मोठ्या डिझेल गाड्यांत १०० ते १५० पर्यंत जातो.

गल्लत होते ती या आकड्यावरून. ‘९० अँपिअर’ म्हणजे गाडी सुरू केली की ९० अँपिअर मिळू लागले, असे नाही. आंतरराष्ट्रीय मानकानुसार हा आकडा अल्टरनेटर मिनिटाला ६,००० फेऱ्यांनी फिरत असताना आणि भोवतालचे तापमान २३ अंशांच्या आसपास असताना मोजलेला असतो. अल्टरनेटरची पुली इंजिनच्या पुलीपेक्षा लहान असल्याने तो इंजिनच्या साधारण अडीच ते पावणेतीन पट वेगाने फिरतो. इंजिन आयडलिंगला ८०० फेऱ्यांवर असेल तर अल्टरनेटर जेमतेम दोन हजारांवर. तेवढ्यात ९० अँपिअरवाला पन्नासच्या आसपास देतो. काही कंपन्या प्लेटवर दोन्ही आकडे छापतात, उदाहरणार्थ ‘१४ व्होल्ट ४५–९० अँपिअर’. पहिला कमी फेऱ्यांचा, दुसरा ६,००० फेऱ्यांचा. ग्राहकाने वाचायचा तो पहिला. दुकानदार बोलतो मात्र दुसऱ्याबद्दल.

आणि तापमान २३ अंश? विदर्भातल्या मे महिन्यात बाहेरच ४४ अंश असतात. बॉनेटखाली, रेडिएटरच्या मागे, त्याहून कितीतरी जास्त. तांब्याची तार तापली की तिचा विरोध वाढतो आणि अल्टरनेटरचे उत्पादन साधारण पंधरा-वीस टक्क्यांनी घटते. म्हणजे उन्हाळ्यात टोलनाक्यावर एसी लावून उभ्या असलेल्या गाडीत ‘नव्वदचा’ अल्टरनेटर प्रत्यक्षात चाळीस-पंचेचाळीसचा झालेला असतो. अशा वेळी दिवे मंद होणे हा दोष असेलच असे नाही.

रेल्वेवाल्यांना हे जुने गणित आहे. आयसीएफ पद्धतीच्या डब्यांखाली, चाकाच्या धुरीवरून पट्ट्याने फिरणारा अल्टरनेटर लटकलेला असतो : साध्या डब्याला साडेचार किलोवॉटचा, वातानुकूलित डब्याला २५ किलोवॉटचे. गाडी स्थानकात उभी राहिली की तो काहीच तयार करत नाही, डब्यातले दिवे-पंखे बॅटरीवर चालतात. म्हणून तिथे बॅटरी आणि अल्टरनेटर यांचा विचार जोडीने होतो. मोटारीच्या बाबतीत तो क्वचितच होतो.

आपल्या गाडीची बेरीज कशी करायची?

अवघड काही नाही. वस्तूवर वॉट लिहिलेले असतात. त्यांना साडेतेराने भागले की अँपिअर मिळतात.

समजा, एसी असलेली एक डिझेल गाडी आहे, अल्टरनेटर ९० अँपिअरचा. पावसाळी रात्र. इंजिनचा संगणक, इंजेक्टर, इंधन पंप मिळून १० अँपिअर. हॅलोजनचे दोन हेडलाइट (५५ वॉटचे), मागचे दिवे, डॅशबोर्ड मिळून ११. एसीचा ब्लोअर जोरात असेल तर १२ आणि कॉम्प्रेसरच्या क्लचचे ४. समोरचा पंखा सरासरी १२. वायपर ५. टेप आणि मोबाइल चार्जर ४. झाले ५८. त्यात स्टार्टरने घेतलेली वीज बॅटरी परत ओढत असते, तिचे सात-आठ धरा. ६५.

रस्त्यावर गाडी चालती असताना गरम अल्टरनेटर ७५ देतो, म्हणजे दहाएक अँपिअर शिल्लक. आयडलिंगला ४५, म्हणजे वीसची तूट. ती बॅटरी भरून काढते. अर्धा तास वाहतूक कोंडीत गेला तर बॅटरीतून दहा अँपिअर-तास जातील. ६० अँपिअर-तासाच्या धडधाकट बॅटरीला ते सहज झेपते आणि पुढच्या तासाभराच्या प्रवासात बऱ्यापैकी भरून निघते. कंपनीने इथपर्यंतचा विचार केलेला असतो.

आता वरून चढवलेल्या वस्तू धरा. १२० वॉटचा लाइट बार : ९ अँपिअर. हॅलोजनचे दोन फॉग लॅम्प : ८. लग्नाच्या वरातीत मोठ्या आवाजावर चाललेला अँप्लिफायर : सरासरी २०, ठेक्यागणिक त्याच्या दुप्पट-तिप्पट. एकूण १०२. आता चालत्या गाडीतसुद्धा २७ अँपिअरची तूट आहे. म्हणजे गाडी जितकी जास्त चालेल तितकी बॅटरी रिकामी होत जाईल. ‘नागपूरला जाऊन आली आणि सकाळी सेल्फ मारला तर टक् टक्’ ही तक्रार इथून जन्माला येते. दोष बॅटरीचा समजून नवी बॅटरी येते, सहा महिन्यांत तीही बसते.

नव्याऐवजी ‘मोठी’ बॅटरी घेणारेही बरेच. विहिरीला पाणी कमी पडते म्हणून शेतात मोठी टाकी बांधण्यासारखा हा प्रकार आहे. टाकी भरायला मोटर तीच, पाणी तेवढेच.

मग मोठा अल्टरनेटर बसवायचाच का?

सगळ्यात आधी एक भीती दूर करायला हवी. १२० अँपिअरचा अल्टरनेटर बसवला म्हणून तो १२० अँपिअर गाडीत ढकलत नाही. जेवढी मागणी तेवढाच पुरवठा. व्होल्टेज रेग्युलेटर, ज्याला गॅरेजमध्ये ‘कटआऊट’ म्हणतात, साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट कायम ठेवतो. बॅटरी उकळते, दिव्यांचे बल्ब उडतात ते रेग्युलेटर बिघडून व्होल्टेज पंधराच्या वर गेल्यावर. अँपिअर जास्त असल्यामुळे नव्हे.

उलट बाजूने, मोठा अल्टरनेटर फुकट वीज देतो असेही नाही. १०० अँपिअर गुणिले १४ व्होल्ट म्हणजे १,४०० वॉट. अल्टरनेटरची कार्यक्षमता साधारण ५५ ते ६० टक्के असल्याने एवढ्या विजेसाठी इंजिनकडून सुमारे अडीच हजार वॉट, म्हणजे जवळपास साडेतीन अश्वशक्ती खेचली जाते. शेतावरच्या तीन एचपीच्या मोटरपेक्षा जास्त. ती डिझेलमधूनच येते. म्हणून आधी मागणी कमी करणे केव्हाही स्वस्त. वरच्या उदाहरणात हॅलोजन फॉग लॅम्प काढून कमी वॉटचे एलईडी फॉग लॅम्प बसवले तर पाचएक अँपिअर वाचतात. लाइट बार महामार्गावर लावायचा नसतोच. समोरच्या चालकाचे डोळे दिपवणाऱ्या या दिव्यांनी आपल्याला दिसते आणि दुसऱ्याला दिसेनासे होते, शिवाय वाहनाच्या मूळ रचनेत परस्पर बदल करण्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने मनाई केली आहे. तो उतरवला की आणखी ९ गेले. अँप्लिफायर वरातीपुरताच लागत असेल तर त्याच्यासाठी कायमचा अल्टरनेटर बदलणे म्हणजे पाहुणा आला म्हणून घर बांधणे.

एवढे करूनही तूट उरत असेल, म्हणजे गाडी रोज रात्री चालते, रुग्णवाहिका किंवा थंड डब्याची गाडी म्हणून वापरली जाते, तर मोठा अल्टरनेटर योग्यच. त्याची निवड करताना दोन कसोट्या पुरेत. चालत्या गाडीतली कायमची मागणी गरम अल्टरनेटरच्या क्षमतेच्या पाऊण हिश्श्याच्या आत असावी. आणि आयडलिंगला किमान इंजिन, हेडलाइट, वायपर, पंखा एवढे बॅटरीला हात न लावता चालावे. १२० अँपिअरचा, पण आयडलिंगला ४० देणारा अल्टरनेटर हा १०० अँपिअरच्या, पण आयडलिंगला ६० देणाऱ्यापेक्षा खेड्यातल्या वापराला कमी प्रतीचा. बाजारात मात्र पहिलाच जास्त खपतो.

आयडलिंगची तूट भरण्यासाठी ‘छोटी पुली’ टाकून देण्याची युक्तीही काही जण सुचवतात. पुली लहान केली की अल्टरनेटर जास्त वेगाने फिरतो हे खरे. पण इंजिनने वेग घेतला की तो मर्यादेपलीकडे फिरतो, बेअरिंग लवकर जाते आणि पट्ट्याची पकड कमी झाल्याने तो घसरू लागतो.

बदलण्याआधी काय तपासावे?

खरा मुद्दा इथे आहे. ‘अल्टरनेटर कमी पडतो’ म्हणून आलेल्या गाडीत तो अनेकदा ठीक असतो आणि दोष तारेत, पट्ट्यात किंवा अर्थिंगमध्ये सापडतो.

काही शे रुपयांचा मल्टिमीटर घ्यावा. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले तर ती पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. गाडी सुरू करून वाचन १३.८ ते १४.५ मध्ये आले तर अल्टरनेटर काम करतो आहे. मग हेडलाइट, ब्लोअर, वायपर सगळे लावून फेऱ्या थोड्या वाढवायच्या. व्होल्टेज १३ च्या खाली घसरून वर येतच नसेल तर पुढचा तपास करावा. मीटरचे एक टोक अल्टरनेटरच्या मुख्य टर्मिनलला आणि दुसरे बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावायचे. सगळा भार चालू असताना इथे ०.३ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर तार, थिंबल किंवा फ्यूज वीज खात आहे. असाच तपास अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यात. चिखलातून आणि कीटकनाशकांच्या कॅनमधून वाट काढणाऱ्या पिकअपमध्ये अर्थिंगचा बोल्ट गंजलेला निघणे अगदी नेहमीचे. त्याला पॉलिश पेपर पुरतो.

तारेचे गणित मोठा अल्टरनेटर बसवणाऱ्यांनी तर करायलाच हवे. दोन मीटर लांबीची, १० चौरस मिलिमीटरची तांब्याची तार १०० अँपिअर वाहताना ०.३५ व्होल्ट खाते आणि ती उष्णता तारेतच राहते. २५ चौरस मिलिमीटरची तार घेतली तर तोटा ०.१४ व्होल्टवर येतो. जुनी तार आणि जुना ८० अँपिअरचा फ्यूज तसाच ठेवून वर १२० चा अल्टरनेटर लावला तर एक तर फ्यूज उडेल, किंवा फ्यूजच्या जागी कोणी तार गुंडाळली असेल तर आग लागेल. गावातली डीपी मोठी बसवून खाली जुनीच केबल ठेवली तर काय होते, हे रब्बीच्या हंगामात पाणी देणाऱ्यांना सांगायला नको.

आणि एक परीक्षा मात्र कोणी करू लागला तर हात धरावा : चालत्या इंजिनवर बॅटरीचे टर्मिनल काढून ‘गाडी बंद पडली नाही, म्हणजे अल्टरनेटर चांगला’ असे ठरवणे. डायनामोच्या काळात ते खपून जायचे. आजच्या गाडीत बॅटरी हाच धक्के सोसणारा आधार आहे. ती अचानक निघाली की क्षणभर व्होल्टेज कित्येक पटींनी उसळते आणि इंजिनचा संगणक किंवा अल्टरनेटरचीच डायोड प्लेट जाते. फुकटात झालेल्या तपासणीचे बिल मग काही हजारांत येते.

अँपिअर जुळले, तरी काय चुकू शकते?

बोलेरो, सुमो अशा अनेक जुन्या डिझेल गाड्यांत अल्टरनेटरच्या पाठीमागे व्हॅक्यूम पंप जोडलेला असतो. डिझेल इंजिन ब्रेकच्या बूस्टरला पुरेसा व्हॅक्यूम स्वतःहून देत नाही, तो हा पंप देतो. म्हणजे अशा गाडीत पट्टा तुटला की चार्जिंगबरोबर ब्रेकची मदतही जाते. एक-दोनदा पाय दाबल्यावर पेडल दगडासारखे होते. भंगारातून आणलेला, अँपिअर जास्त पण पंप वेगळा किंवा झिजलेला अल्टरनेटर बसवणे म्हणजे दिव्यांसाठी ब्रेकशी खेळणे. पंपाचा ऑइल पाइप, त्याचे सील आणि व्हॅक्यूमची नळी तपासल्याशिवाय गाडी गॅरेजबाहेर काढू नये. चढउताराच्या रस्त्यावर भरलेली पिकअप चालवणाऱ्याला हे वेगळे समजावायची गरज पडू नये, पण अल्टरनेटर विकताना हा विषय निघतोच असे नाही.

नव्या गाड्यांची अडचण निराळी. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांपैकी अनेकांत चार्जिंगचे व्होल्टेज इंजिनचा संगणक ठरवतो. इंधन वाचवण्यासाठी तो मध्येच चार्जिंग कमी करतो, त्यामुळे मीटरवर १२.८ दिसले म्हणून अल्टरनेटर खराब ठरत नाही. मारुतीने २०१५ मध्ये सियाझपासून आणलेल्या सौम्य हायब्रिड गाड्यांत तर अल्टरनेटरच इंजिन पुन्हा सुरू करण्याचेही काम करतो. अशा गाड्यांत बाहेरचा ‘मोठा’ माल बसत नाही. सुटा भाग क्रमांक जुळवून घेणे हाच मार्ग.

जुन्या गाडीत री-वाइंडिंगचा पर्याय मात्र वाईट नाही. कार्बन ब्रश, बेअरिंग, डायोड प्लेट बदलून आणि वाइंडिंग नीट करून देणारे कारागीर तालुक्याच्या प्रत्येक गावात आहेत आणि त्यांचे काम कित्येकदा स्वस्तातल्या नव्या मालापेक्षा जास्त टिकते. अट एवढीच, की बसवल्यावर भार लावून मोजलेले व्होल्ट आणि अँपिअर बिलावर लिहून द्यावेत. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर असला की दोन मिनिटांचे काम.

जबाबदारी फक्त ग्राहकाची का?

गाडीच्या जाहिरातीत स्क्रीन किती इंचांची, स्पीकर किती, सनरूफ कसा उघडतो हे सगळे असते. अल्टरनेटर किती अँपिअरचा आणि आयडलिंगला किती देतो, हे बहुधा नसते. ज्या देशात गाडी घेतल्याच्या आठवड्यात निम्म्या वस्तू बाहेरून बसवल्या जातात तिथे ‘बाहेरच्या वस्तूंसाठी इतके अँपिअर शिल्लक’ ही एक ओळ मॅन्युअलमध्ये छापायला कंपन्यांना काय अडते? अँक्सेसरीच्या खोक्यावर तर ‘३०० वॉट’ असे वाट्टेल ते आकडे असतात. लाइट बार तेवढा खरेच ओढतो का, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. घरच्या मिक्सरवर वॉट खरे लिहायला लावता येतात, तर गाडीत बसणाऱ्या वस्तूवर का नकोत?

तोवर चालकाने एवढे तरी लक्षात ठेवावे. बॅटरीचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर पहिले एसी, ब्लोअर, टेप आणि चार्जर बंद करावेत. आणि गाडी बंद करू नये, कारण ती पुन्हा सुरू होईलच याची खात्री नसते. नुसते इंजिन आणि हेडलाइट मिळून वीस-बावीस अँपिअर लागतात. ६० अँपिअर-तासाची चांगली बॅटरी त्यावर दीडएक तास तग धरते, जुनी असेल तर तासभरही नाही. तापमानाचा काटा चढू लागला किंवा ब्रेक जड लागला तर मात्र पट्टाच तुटलेला आहे. मग समृद्धीवर असाल तर पुढचे विश्रांतीस्थळ किंवा बाहेर पडण्याचा मार्ग यांची वाट न पाहता गाडी डाव्या कडेला, पांढऱ्या पट्टीबाहेर घ्यावी, दिव्यांत जीव आहे तोवर मागे परावर्तक त्रिकोण ठेवावा आणि माणसांना कठड्यापलीकडे उभे करावे.

अल्टरनेटर बदलून झाल्यावर उतरलेली बॅटरी आधी चार्जरवर भरून मगच गाडीत लावावी. रिकामी बॅटरी भरण्याचे काम नव्या अल्टरनेटरवर टाकले तर पहिल्याच प्रवासात तो तासन् तास पूर्ण क्षमतेने तापत राहतो, आणि उन्हाळ्याच्या दिवसांत डायोड प्लेट जायला तेवढे पुरते.